दृश्यकला शिक्षण आणि शाश्वत विकास

रेखाटन, रंगकाम, मातीकाम, विणकाम यांच्या अध्यापनातून परिसराची जाण वाढवणारी आणि शिकणाऱ्यांना सामाजिक कृतीपर्यंत नेणारी शिक्षणपद्धती. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ४.७ मध्ये शाश्वत जीवनशैलीच्या शिक्षणाचा आणि संस्कृतीच्या वाट्याचा एकत्र उल्लेख आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही कलासमावेशित शिक्षणावर भर आहे. कल्पना मात्र जुनीच. गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती (१९३७) हस्तोद्योगावर उभी होती. जर्मन कलावंत योसेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये कासेल शहरात ७,००० झाडे लावण्याचे काम सुरू केले. प्रत्येक झाडाशेजारी एक बेसाल्टचा दगड होता आणि लावण्याची ती कृतीच त्यांची कलाकृती होती.

शाळांमध्ये ही पद्धत बहुधा ‘पाणी वाचवा’च्या पोस्टरपाशी थांबते. नळ, थेंब, हिरवी पृथ्वी. आणि हे सगळे कित्येकदा थर्माकोलवर चिकटवलेले! कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारीही बराच वेळ घेते. तरी त्यातला वस्तुचित्राचा सराव इथे कामाचा आहे, कारण एखादी वस्तू तासभर निरखल्यावर ती कुठून आली हा प्रश्न आपोआप पडतो.

सोलापुरात या प्रश्नाचे उत्तर घरातच मिळते. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर, टॉवेल, भिंतीवर टांगायची विणलेली चित्रे आणि त्यामागचे पद्मशाली विणकरांचे कसब, यामुळे सूत आणि रंग मुलांच्या ओळखीचे असतात. चिंध्या व उरलेल्या सुतातून गोधडी किंवा भित्तिचित्र करता येते. पण रंगाईचा पाठ त्याहून बोलका ठरतो. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबाची साल उकळून, तुरटी लावलेले सुती कापड त्यात बुडवले की पिवळा रंग चढतो. गंजलेल्या लोखंडाचे पाणी घातले की तोच रंग काळपट होतो. रंगवून झाल्यावर बादलीत उरलेले पाणी कुठे ओतायचे, हे वर्गाने ठरवायचे असते. कारखान्याच्या सांडपाण्याचा विषय मग वेगळा शिकवावा लागत नाही.

गणपतीच्या मूर्तीचेही तसेच. प्लास्टर पाण्यात लवकर विरघळत नाही म्हणून शाडूची माती वापरतात, पण तीही दुरून येते. इथली काळी माती वाळताना आकसते आणि मूर्तीला भेगा पडतात. त्यात कागदाचा लगदा मिसळून भेगा कमी करता येतात का, हे हात मळवूनच कळते.

संत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात अनुयायांच्या श्रमातून तळे खोदवल्याची परंपरा शहराला ठाऊक आहे. त्याच तळ्याकाठी वर्षभर, दर महिन्याला एकाच जागेवरून रेखाटन केले तर पातळी, कचरा, पक्षी यांची नोंद आपसूक तयार होते. ती महापालिकेपुढे ठेवता येते. पोस्टरपेक्षा तिला वजन असते.

पक्ष्यांच्या चित्रांत मात्र एक धोका असतो. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याची (१९७९) चित्रे काढताना केवळ देखणा पक्षी रंगवला, तर त्याच माळावर मेंढ्या चारणारा धनगर आणि अभयारण्यामुळे जमिनीच्या व्यवहारांवर बंधने सोसलेला शेतकरी चौकटीबाहेर राहतात. त्यांच्याशी बोलून आलेल्या मुलांची चित्रे कमी सुंदर असतील, पण त्यांत माळ पुरा दिसतो.