दुसरं इंजिन खरोखर दुसरं आहे का?

एप्रिलमधली दुपार. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला आम्ही सुरमईसाठी गळ टाकून होतो आणि काकांच्या वीस फुटी फायबरच्या होडीचं इंजिन तापल्याचा भोंगा वाजवून बंद पडलं. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार त्याच्या बगलेतून पिचकारीसारखी सतत पडत असते. ती कधी थांबली, हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. खारं वारं होडीला खडपांकडे, म्हणजे समुद्रातल्या खडकांकडे ढकलत होतं. ताशी दोन किलोमीटरचा वेग किरकोळ वाटतो, पण खडप अर्ध्या किलोमीटरवर असेल तर हातात पंधरा मिनिटं उरतात. नांगर टाकला, तो थोडा फरफटला आणि मग धरला. तासाभराने मच्छीमारांच्या एका होडीने आम्हाला ओढून आणलं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी इंजिनाचा खालचा भाग उघडला आणि तळहाताएवढीसुद्धा नसलेली एक रबरी चकती काकांच्या हातात ठेवली. "इंजिन बरा आसा, रबर गेलो."

हा इम्पेलर, थंड करणारं पाणी इंजिनात चढवणाऱ्या पंपाचा फिरता भाग. मधल्या गाभ्याला सहा पाकळ्या. तो ज्या डबीत फिरतो ती मुद्दाम एका बाजूला सरकवून बसवलेली असते. त्यामुळे फिरताना पाकळ्या एका बाजूला दुमडतात आणि दुसऱ्या बाजूला उलगडतात. उलगडताना दोन पाकळ्यांमधली जागा वाढते, म्हणून पाणी आत ओढलं जातं. दुमडताना जागा आकसते आणि तेच पाणी वर इंजिनाकडे ढकललं जातं. रबर ताजं असेपर्यंत हे छान चालतं. पण होडी महिनोन् महिने उभी राहिली की पाकळ्या त्याच वाकलेल्या स्थितीत राहतात आणि रबर सरळ व्हायचं विसरतं. आमच्या चकतीच्या सगळ्या पाकळ्या एकाच दिशेला वळून बसल्या होत्या आणि दोन मुळापासून तुटल्या होत्या. मेस्त्रींनी ते दोन्ही तुकडे चिमट्याने शोधून काढले, तेव्हाच त्यांचं समाधान झालं. तुकडा पाण्याच्या वाटेत अडकला तर नवा इम्पेलर घालूनही इंजिन पुन्हा तापणार.

त्याच वेळी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप, तीही बदलली. समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं इंजिन मोटारीच्या इंजिनापेक्षा बरंच थंड ठेवतात, साधारण ६० अंशांच्या आसपास. त्याहून फार तापलं तर पाण्यातले क्षार आतल्या नळ्यांत खपल्यांसारखे जमू लागतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. होडी परत आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं, ते यासाठी.

मग काकांनी ठरवलं, मदतीला एक छोटं इंजिन लावायचं, सहा अश्वशक्तीचं. निर्णय चांगलाच होता. पण दोन इंजिनं असणं आणि दोन आधार असणं यांत मोठा फरक आहे. समजा, एक इंजिन शंभर फेऱ्यांत एकदा दगा देतं. दुसरंही तसंच. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर दोन्ही एकाच फेरीत बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक. हा गुणाकार मनाला फार धीर देतो, पण त्याची सगळी भिस्त "संबंध नसेल" या दोन शब्दांवर आहे. दोन्ही इंजिनं एकाच टाकीतून पेट्रोल पीत असतील आणि त्या टाकीत पाणी शिरलं असेल, तर गुणाकार संपला. पहिलं ज्या कारणाने थांबलं, त्याच कारणाने दुसरंही थांबणार.

आणि टाकीत पाणी शिरणं आपल्याकडे अगदी सोपं आहे. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची ओढ असते. पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवली, अर्धी टाकी तशीच राहिली, की दमट हवेतलं पाणी त्यात मुरत जातं. एका मर्यादेपलीकडे इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच शोषते. म्हणून छोट्या इंजिनाला वेगळी टाकी, वेगळी गाळणी, आणि त्यात ताजं, वेगळ्या दिवशी भरलेलं पेट्रोल. ते सुरू करायला दोरी हवी, म्हणजे बॅटरी मेली तरी अडणार नाही. आठवड्यातून एकदा ते दहा मिनिटं चालवायलाच हवं. पडून राहिलेल्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, चिकट थर धरतो.

गंजण्याचं म्हणाल, तर दोन्ही इंजिनांचे अॅल्युमिनियमचे भाग खाऱ्या पाण्यात दुसऱ्या धातूंच्या शेजारी असतात, आणि तिथे एक प्रकारची बॅटरीच तयार होते. जास्त सहज विरघळणारा धातू झिजतो. मग आपणच मुद्दाम असा एक तुकडा बसवायचा, जो बाकीच्यांच्या आधी झिजेल. हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा याच युक्तीने वाचवला. पत्रा वाचला, पण विरघळणारं तांबं समुद्री जिवांना विषासारखं असतं, आणि आता ते विरघळेनासं झालं. तळाला शिंपले-शेवाळ चिकटून जहाजं मंदावली! आमच्यासाठी धडा वेगळा: कर्लीच्या खाडीत पावसाळ्यात पाणी गोडसर होतं आणि अशा पाण्यात झिजण्यासाठी लावलेल्या जस्ताच्या तुकड्यावर पापुद्रा धरून तो निकामी होतो. खाडीत उभ्या राहणाऱ्या होडीला अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तुकडा बरा. त्याला रंग मात्र लावायचा नाही, आणि अर्धा झिजला की बदलायचा.

नवं इंजिन मागच्या फळीवर उजवीकडे, मध्यापासून ६० सेंटिमीटरवर बसवलं. वजन २६ किलो. होडी लगेच उजवीकडे कलली. २० किलोची बॅटरी मधून काढून डावीकडे ८० सेंटिमीटरवर नेली, तेव्हा तोल जवळजवळ जुळला. सी-सॉवर हलकं मूल टोकाला बसवतात, तसंच. इंजिनाचा पाण्यात उतरणारा दांडाही लांब, २० इंची घेतला. आखूड दांड्याचा पंखा लाटेवर पाण्याबाहेर येतो आणि नुसता हवेत गरगरतो.

चाचणी देवबागच्या बाजूला घेतली. साठ अश्वशक्तीच्या होडीला सहाने काय होणार, अशी मला शंका होती. थ्रॉटल दोन-तृतीयांश उघडल्यावर जीपीएसवर ताशी नऊ किलोमीटर आले. पूर्ण उघडल्यावर जेमतेम दहा. मागचा भाग मात्र खाली बसला आणि नाळेपुढे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापुढे, लाट उभी राहिली. होडी संथ चालताना स्वतःची लाट सोबत घेऊन चालते. लाट जितकी लांब तितकी ती वेगाने पळते. पाण्यातली लांबी साडेपाच मीटर असलेल्या होडीएवढी लाट ताशी साडेदहा किलोमीटरने जाते. त्याहून जोरात जायचं तर स्वतःच्या लाटेवर चढून पाण्यावरून घसरत जावं लागतं, आणि ते काम मोठ्या इंजिनाचं. काकांनी थ्रॉटल परत दोन-तृतीयांशवर आणला. ओहोटी समोरून येत होती, तरी किनाऱ्यावरचे माड हळूहळू मागे सरकत होते आणि छोट्या इंजिनाच्या बगलेतली धार अखंड पडत होती.