मुलांमधील डोक्याची इजा

डोक्याला बसलेल्या माराने कवटी, मेंदू किंवा मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांना होणारी दुखापत. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढे असते आणि मान कमकुवत, त्यामुळे तान्हे मूल पलंगावरून घसरले की बहुधा डोक्यावरच आपटते. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. तोवर कवटी पातळ व लवचीक असल्याने ती कधी कधी तडकण्याऐवजी पिंगपाँगच्या चेंडूसारखी आत चेपते.

कारणे वयागणिक बदलतात. लहानग्यांत पडणे हेच मुख्य: पलंग, जिना, कठडा नसलेली गच्ची. चाकांच्या बेबी वॉकरमुळे जिन्यावरून पडण्याचे प्रकार इतके होते, की कॅनडाने २००४ साली त्यावर बंदी घातली. (आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा; त्यात मूल बसत नाही, मागे उभे राहून तो ढकलते.) मोठ्या मुलांत रस्ते अपघात पुढे येतात. दुचाकीवरच्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना हेल्मेट घालण्याचा नियम भारतात २०२२ मध्ये अधिसूचित झाला. तान्ह्या बाळाला रागाने गदागदा हलवल्यास बाहेर एकही खूण न दिसता मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो. पालकांनी सांगितलेली हकीकत आणि इजा यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टर ही शक्यता तपासतात.

तीव्रता ठरते ती स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १९७४ साली तयार झालेल्या, मूल किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या ३ ते १५ गुणांच्या मापनाने. ८ किंवा त्याखालील गुण म्हणजे गंभीर इजा. बोलता न येणाऱ्या बाळांसाठी त्यात रडणे, हसणे यांचे निकष घेतले आहेत. प्रत्येक मुलाचा सीटी स्कॅन करत नाहीत, कारण लहान वयात त्यातील क्ष-किरणांचा धोका अधिक असतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ४२ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून, स्कॅन कोणाला टाळता येईल याचे नियम निघाले. दोन वर्षांखालील मुलाच्या कपाळावरच्या टेंगळापेक्षा बाजूचे किंवा मागचे टेंगूळ डॉक्टरांना अधिक खटकते, ते यामुळेच. वारंवार उलट्या, आकडी, वाढती गुंगी किंवा नाका-कानातून पाणी येणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे.

मार बसला त्या क्षणी झालेली हानी परत फिरवता येत नाही. उपचारांचा सगळा रोख त्यानंतरच्या हानीवर असतो: प्राणवायू कमी पडू न देणे, रक्तदाब टिकवणे, मेंदूवरचा दाब उतरवणे. कवटीखाली साचलेली रक्ताची गाठ वेळीच काढली, तर अत्यवस्थ मूलही पूर्ण बरे होऊ शकते. त्याच गाठीला उशीर झाला तर जीव जातो.

सौम्य इजेची बहुतेक मुले काही आठवड्यांत पूर्ववत होतात. लहान मेंदू लवचीक, म्हणून तो सहज सावरतो, हा समज मात्र अर्धाच खरा. अगदी कोवळ्या वयातल्या गंभीर इजेने अजून शिकायच्या राहिलेल्या क्षमतांनाच धक्का बसतो. वरवर बरे झालेले मूल पुढे शाळेत लक्ष, स्मरण आणि रागावरचा ताबा यांत मागे पडते, आणि तोवर ते जुने पडणे घरात कोणाच्या ध्यानातही नसते.