पावकीपासून समच्छेदापर्यंत : सीमाभागातील अपूर्णांकांच्या सरावाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत सहावी-सातवीला अपूर्णांकांचा सराव सुरू झाला की एक विसंगती सहज नजरेस येते. अर्धा आणि पाव मिळून किती, असे विचारले तर मूल वही न उघडता ‘पाऊण’ म्हणून मोकळे होते. पण १/३ आणि १/५ यांची बेरीज फळ्यावर आली की तेच मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/८ लिहिते. याचा दोष मुलांच्या निष्काळजीपणावर टाकणे सोपे असले तरी ते पुरेसे नाही. पाव आणि अर्धा या भागात बाजारातून आणि पाठांतरातून आले, तर तृतीयांश आणि पंचमांश पोथीतून व पुढे छापील पुस्तकातून आले. हे दोन प्रवाह शाळेच्या वहीत एकत्र आले, त्याला अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी आणि उजळणी तोंडपाठ करी. त्या उजळणीत पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी येत. औटकी हा साडेतीनचा पाढा होय. या शब्दांची घडण पाहण्यासारखी आहे. पाव म्हणजे पाद, चौपायाचा एक पाय. पाऊण म्हणजे पादोन, पावाने उणा. सव्वा म्हणजे सपाद. अडीच हा ‘अर्धतृतीय’ या शब्दावरून आला, म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. औट त्याच रीतीने ‘अर्धचतुर्थ’ यावरून. लिहिण्याची पद्धतही अशीच आटोपशीर होती. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड आणि १॥। म्हणजे पावणेदोन. या लेखनात छेद कोठेच लिहिला जात नाही, कारण छेद चारच आहे हे लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने गृहीत धरलेले असते.

धान्याची मापेही याच घडणीची होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. प्रत्येक पायरीवर निम्मे करत जायचे, एवढेच त्यातले गणित. खानापूरकडच्या भाताच्या खळ्यावर मोजणी करणाऱ्याला शेराचा सोळावा भाग हातात धरून दाखवता येई, पण शेराच्या पाचव्या भागासाठी त्याच्याकडे मापही नव्हते आणि शब्दही नव्हता.

नाण्यांची घडण मात्र थोडी वेगळी होती आणि ती नीट पाहायला हवी. रुपयाचे १६ आणे, त्यांत दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली. इथवर सारे निम्म्यानिम्म्यानेच चालते. परंतु एका आण्याच्या १२ पै असल्यामुळे रुपयाच्या १९२ पै होत, आणि १९२ ला तीनने पूर्ण भाग जातो. त्यामुळे तिघांत रुपया वाटायचा झाल्यास प्रत्येकाला ५ आणे ४ पै मिळत आणि बाकी काहीच उरत नसे. पाच जणांत वाटताना मात्र प्रत्येकी ३ आणे २ पै देऊन दोन पै उरतच. म्हणजे व्यवहारात तृतीयांशाला सोय होती, पंचमांशाला नव्हती.

पोथीतल्या गणिताने अशी अडचण कधी मानली नाही. इसवी सन ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. या ग्रंथात अपूर्णांकांच्या प्रकरणाला ‘कलासवर्ण’ असे नाव आहे. कला म्हणजे सोळावा भाग, हे ध्यानात घेतले की पोथीलाही सोळाची ओढ होती असे वाटून जाते; पण आतली उदाहरणे कोणत्याही छेदाची आहेत. निरनिराळे छेद एक करण्यासाठी महावीराचार्यांनी ‘निरुद्ध’ सांगितला, तोच आपला लसावि. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त भुंग्यांच्या थव्याचे प्रसिद्ध उदाहरण आले, ज्यात पाचवा भाग कदंबावर आणि तिसरा भाग शिलींध्रावर जातो आणि उत्तर पंधरा येते. फळ्यावर आज मुलांना अडवणारे १/३ आणि १/५ तेथे शेजारी शेजारी बसलेले आहेत. अंश आणि छेद हे शब्दही याच परंपरेतले. संख्या वर-खाली लिहिण्याची रीतही तीच, फक्त मधली आडवी रेघ तेव्हा नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा झाला आणि तो मुंबई इलाख्यात राहिला. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने इंग्रजी धर्तीची गणिताची पुस्तके मराठीत तयार होऊ लागली होती. त्यांतून समच्छेद (म्हणजे छेद सारखे करणे), लसावि आणि संक्षेप ही रीत हळूहळू गावच्या शाळेपर्यंत आली आणि उजळणीच्या शेजारी बसली. सुरुवातीला या भागातील कन्नड मुलांनाही बऱ्याच ठिकाणी मराठीतूनच शिकावे लागे; पुढे डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रयत्नांनी कन्नड शाळांना बळ मिळाले.

त्यामुळे येथे दोन भाषांतले अपूर्णांक एकाच गल्लीत नांदतात. कन्नडमध्ये पावाला ‘कालु’ म्हणतात, आणि कालु म्हणजे पायच. पाऊण म्हणजे ‘मुक्कालु’, तीन पाय. अपूर्णांकाला तेथे ‘भिन्नराशी’ हा शब्द असला तरी अंश आणि छेद तेच आहेत. फरक उच्चाराच्या क्रमात आहे. मराठीत आपण दोन तृतीयांश म्हणतो, म्हणजे अंश आधी; कन्नडमध्ये ‘मूरने एरडु’, म्हणजे छेद आधी. दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या मुलाने ऐकून लिहिताना वरची संख्या खाली लिहिली, तर ती चूक तपासताना शिक्षकाने हा क्रम आठवावा, असे मला वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड कोल्हापूरला जोडला गेला, आणि लागून असलेल्या दोन तालुक्यांतील मराठी मुलांच्या हातात पुढे दोन राज्यांची वेगवेगळी गणिताची पुस्तके आली. अपूर्णांकांच्या सरावावर मात्र त्याहून मोठा परिणाम लगेचच पुढच्या वर्षी घडलेल्या गोष्टीचा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. हा पाव पैसा कोणालाच देता येत नसल्याने एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नये पैसे असे कोष्टक चालले. पाठोपाठ १९५८ ते १९६२ या काळात शेर-मणाच्या जागी टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. सोपे आणि अवघड यांची येथे अदलाबदल झाली: पंचमांश २० पैशांत नेमका बसू लागला, आणि पूर्वी पैपर्यंत नीट जुळणारा तृतीयांश ०.३३३… असा न संपणारा झाला. पावकी-औटकीचे रोजचे काम संपले आणि ती पाठांतरातून गळत गेली. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द पाव किलो कुंदा या बेळगावच्या मिठाईपुरते टिकले. समच्छेदाचा सराव मग वहीतच उरला.

जमिनीच्या हिशोबात मात्र जुनी मोजणी कर्नाटकात अजून चालू आहे. कोल्हापूरकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात. बेळगावकडच्या उताऱ्यावर एकर-गुंठे-आणे. एकराचे ४० गुंठे, गुंठ्याचे १६ आणे. अडीच एकर तीन भावांत वाटायचे झाले तर १०० गुंठ्यांचा तिसरा भाग काढावा लागतो. तो प्रत्येकी ३३ गुंठे आणि ५ १/३ आणे येतो, आणि हा उरलेला १/३ आणा सातवीतल्या मुलाला वहीत अपूर्णांक म्हणूनच लिहावा लागतो.