अराज्यवाद

राज्यसंस्था आणि तिची दंडशक्ती माणसांच्या सहजीवनाला आवश्यक नसून उलट बाधक आहे, असे मानणारे राजकीय तत्त्वज्ञान. नियम, शिस्त किंवा संघटन यांना त्याचा विरोध नाही. वरून लादलेल्या सत्तेला आहे. मराठीत ‘अराजकतावाद’, ‘अराजकवाद’ हे पर्यायही रूढ असून वृत्तपत्रांत तेच अधिक आढळतात. मात्र ‘अराजक’ म्हटले की दंगल, लुटालूट आणि बेबंदशाही डोळ्यांपुढे येते, आणि विषय समजण्याआधीच त्याचा निकाल लागतो. म्हणून येथे ‘अराज्यवाद’ ही संज्ञा स्वीकारली आहे.

संज्ञा व प्राचीन उल्लेख : मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शासकाचा अभाव’ एवढाच. संस्कृतातील ‘अराजक’ शब्दावर मात्र भीतीची छाया फार जुनी आहे. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या मृत्यूनंतर राजाविना राहिलेल्या जनपदाचे वर्णन येते : तेथे मूठभर बीही पेरले जात नाही, मुलगा बापाचे ऐकत नाही, माणसे माशांप्रमाणे एकमेकांना खातात. याच्या अगदी उलट चित्र महाभारताच्या शांतिपर्वात आहे. ‘न वै राज्यं न राजासीत्’ या श्लोकानुसार आरंभी राज्य, राजा, दंड वा दंड देणारा यांपैकी काहीच नव्हते. प्रजा धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत. तथापि पुढे मोहामुळे ही स्थिती बिघडली व राजपद निर्माण झाले, असे भीष्म सांगतो. त्यामुळे या श्लोकाला अराज्यवादाचा पुरस्कार म्हणणे ताणलेले ठरेल.

इतिहासकार काशीप्रसाद जयस्वाल यांनी ‘अराजक’ हा प्राचीन भारतातील शासनाचा एक प्रत्यक्ष प्रकार मानला. जैन आचारांगसूत्रात गणराज्ये, युवराजशासित राज्ये, दोन राजांची राज्ये यांच्या जोडीने ‘अराजक’ प्रदेश येतो, हा त्यांचा मुख्य आधार. परंतु तो उतारा भिक्षूंनी कोणत्या प्रदेशांतून प्रवास टाळावा हे सांगणारा आहे. तेव्हा राजा मेला व नवा बसला नाही असा धोक्याचा मधला काळ, हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. अराज्यवादाची मुळे चीनमधील ताओ विचारात किंवा ग्रीक तत्त्वज्ञ झीनोपाशी शोधणारेही आहेत. सिद्धांत या अर्थाने मात्र तो अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचा धरणे योग्य होईल.

विचारवंत : विल्यम गॉडविन या इंग्रज लेखकाने १७९३ मध्ये राज्यसंस्थेवर पहिली पद्धतशीर टीका केली, पण त्याने हे नाव स्वतःला लावले नाही. तोवर शिवी म्हणून वापरला जाणारा हा शब्द प्येअर जोझेफ प्रूदाँ या फ्रेंच विचारवंताने १८४० मध्ये अभिमानाने स्वीकारला. रशियन अराज्यवादी मिखाईल बाकूनिन व मार्क्स यांच्यातील वाद पहिल्या इंटरनॅशनल या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १८७२ च्या हेग अधिवेशनात बाकूनिनच्या हकालपट्टीपर्यंत गेला. कामगारांच्या नावाने उभारलेले राज्यही कामगारांवरच स्वार होईल, हा बाकूनिनचा इशारा पुढील शतकाने खोटा ठरवला नाही.

प्यॉटर क्रपॉटकिन (१८४२–१९२१) या रशियन विचारवंताने परस्परसाहाय्य हा जीवसृष्टीच्या उत्क्रांतीतील महत्त्वाचा घटक असल्याचे मांडले. त्याची उदाहरणे रोजच्या व्यवहारातली आहेत. युरोपात अनेक रेल्वे कंपन्या असूनही प्रवासी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. त्यांच्यावर कोणतेही मध्यवर्ती रेल्वे सरकार नव्हते. कंपन्यांनी आपसांत करार करून वेळापत्रके जुळवलेली असत.

गैरसमज : अराज्यवादी म्हणजे बाँब फेकणारा, हे समीकरण निराधार नाही, पण ते अपुरे आहे. १८९४ ते १९०१ या काळात फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, इटलीचा राजा उंबेर्तो आणि अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांचे खून अराज्यवादी म्हणवणाऱ्या व्यक्तींनी केले. याउलट शिकागोत ४ मे १८८६ रोजी, आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी चाललेल्या आंदोलनातील एका सभेत, पोलिसांवर बाँब पडला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही, तरी आठ अराज्यवादी दोषी ठरले. चौघांना फाशी झाली आणि एकाने तुरुंगात आत्महत्या केली. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरने खटला अन्याय्य ठरवून मुक्त केले. महाराष्ट्र दिनीच येणाऱ्या १ मेच्या कामगार दिनाचे मूळ या आंदोलनात आहे, याची आठवण येथे क्वचितच काढली जाते.

भारतात या गैरसमजाला सरकारी शिक्का मिळाला. रौलट कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९१९ च्या कायद्याच्या अधिकृत नावात ‘अराजक व क्रांतिकारी गुन्हे’ असा जोड होता. वास्तविक बंगालचे बाँबवाले आणि युरोपातले अराज्यवादी यांच्या हेतूंत फरक आहे, हे टिळकांनी १९०८ मध्येच केसरीतून स्पष्ट केले होते.

प्रत्यक्ष प्रयोग : सर्वांत मोठा प्रयोग स्पेनमध्ये झाला. १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच बार्सिलोनातील कामगारांनी ट्राम ताब्यात घेतल्या, त्या आपल्या अराज्यवादी कामगार संघटनेच्या लाल-काळ्या रंगात रंगवल्या आणि काही दिवसांतच वाहतूक सुरू केली. मे १९३७ च्या रस्त्यांवरील चकमकींनंतर हा प्रयोग मागे रेटला गेला.

भारत : गांधींनी फेब्रुवारी १९१६ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयातील भाषणात आपणही अराज्यवादीच, पण वेगळ्या प्रकारचे, असे म्हटले होते. विनोबांची शासनमुक्त समाजाची कल्पना या विचाराला जवळची आहे. तिला अराज्यवाद म्हणावे काय याविषयी मतभेद आहेत. ही ओळख उघडपणे मिरवणारे एम. पी. टी. आचार्य (१८८७–१९५४) हे ताश्कंद येथे १९२० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे एक संस्थापक. पुढे ते पक्षापासून दूर झाले, बर्लिनमध्ये अराज्यवादाकडे वळले आणि अखेरची वर्षे मुंबईत राहून लिहीत राहिले.