घामाची उत्क्रांती

मे महिन्यात गडचिरोली-गोंदियाच्या जंगलांत तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात असतो. पहाटे निघालेली माणसे पाने तोडून परततात, ओसरीवर बसून 70-70 पानांचे पुडे बांधतात आणि ते फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन देतात. पारा 45 अंशांकडे सरकत असताना इतकी मेहनत करू शकणारा दुसरा प्राणी त्या जंगलात नाही. वाघसुद्धा अशा दुपारी पाणवठ्यात बसून राहतो.

माणसाचे वेगळेपण सांगताना आपण मेंदूचे आणि भाषेचे गोडवे गातो; घामाची मात्र आठवणही कुणाला होत नाही, आणि हा त्याच्यावर अन्यायच आहे. आपल्या त्वचेत 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असून त्यांची दाटी चिंपांझीच्या सुमारे दहापट आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हशीला घर्मग्रंथी कमी, म्हणून ती डबक्यात डुंबते. कुत्रा धापा टाकतो, पण चौखूर धावताना श्वास पावलांच्या तालाशी बांधला गेल्यामुळे त्याला तेही नीट साधत नाही. माणूस मात्र धावता धावताच थंड होत जातो.

यासाठी अंगावरचे केस गळून पडावे लागले नाहीत. केसांची मुळे आपल्यातही जवळपास चिंपांझीइतकीच आहेत, फक्त त्यातले बहुतेक केस बारीक आणि आखूड झाले. ईएन1 या जनुकाचे नियमन करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात मानवी वंशात बदल साचत गेले आणि त्यातून घर्मग्रंथी वाढल्या, असे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. त्वचेचे जीवाश्म मिळत नसल्याने हे नेमके कधी घडले याचा अंदाज हाडांवरूनच बांधावा लागतो. जीवाश्मशोधक कामोया किमेयू यांना 1984 मध्ये केनियात तुर्काना सरोवराजवळ सापडलेला, सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीचा मुलगा उंच आणि लांब पायांचा होता. उघड्या माळरानावर दूरवर चालणाऱ्याला शोभेल असाच त्याचा बांधा होता.

या सोयीची किंमत पाण्यात मोजावी लागते. जड कामात ताशी लिटरभर घाम सहज जातो आणि गाढवासारखे एका दमात पोटभर पाणी पिऊन तो भरून काढणे आपल्याला जमत नाही, म्हणून पाणी सोबत नेणे आले. दक्षिण आफ्रिकेतील डीपक्लूफ येथे शहामृगाच्या अंड्यांची सुमारे 60,000 वर्षांपूर्वीची कोरीव कवचे सापडली असून ती पाण्यासाठी वापरली जात असावीत. गडचिरोलीतील माडिया माणसाच्या खांद्यावरचा दुधी भोपळ्याचा तुंबा याच गरजेतून आला.

मात्र हवा कोरडी असेल तोवरच घाम कामाचा. मृगाच्या पहिल्या सरींनंतर कूलर जसा नुसताच दमट वारा फेकतो, तसा त्या दिवसांत घामही न वाळता निथळून जातो, आणि निथळलेला घाम शरीरातले पाणी घटवतो, उष्णता नाही. त्यामुळे जूनमधले दमट 38 अंश शेतमजुराला मे महिन्यातल्या कोरड्या 45 अंशांहून अधिक घातक ठरू शकतात.