फॉन्ट करप्ट नाहीये, रफार हलवणारं इंजिन बंद आहे

फ्लेक्सवर, लग्नपत्रिकेवर, नाहीतर एखाद्या माहितीपत्रकात 'आर्थिक'चं 'आर्‌थकि' झालेलं तुम्ही पाहिलंच असेल. त्यावर ठरलेली उत्तरं म्हणजे "फॉन्ट करप्ट आहे" किंवा "या सॉफ्टवेअरला मराठी जमत नाही". बहुतेक वेळा दोन्ही चूक असतं. फॉन्ट ठणठणीत असतो, सॉफ्टवेअरलाही मराठी येतं, पण ते काम करणारा भाग कुणी चालूच केलेला नसतो.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणारी जागतिक पद्धत. तिच्यातल्या देवनागरीच्या मुख्य पट्ट्यात १२८ जागा आहेत आणि त्यात अर्धी अक्षरं नाहीत, रफार नाही, 'क्ष'सुद्धा नाही. शब्द आपण बोलतो त्या क्रमाने साठवला जातो. 'आर्थिक' म्हणजे आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क असे सहा कोड, बस्स. पण कागदावर वेलांटी थच्या आधी पाहिजे आणि र उडी मारून थच्या डोक्यावर! इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, तिथे टाइप केलं त्याच क्रमाने अक्षरं मांडली की झालं, आणि आपल्या शब्दालाही तोच नियम लावला की वेलांटी थच्या नंतर पडते आणि पुढच्या 'क'ला चिकटून 'कि' दिसते.

ही हलवाहलव करणाऱ्या भागाला शेपिंग इंजिन म्हणतात, आणि मला त्याचं प्रचंड कौतुक आहे. ते आधी शब्दाचे तुकडे पाडतं: आ, र्थि, क. मधल्या तुकड्यात सुरुवातीला र आणि हलन्त, पुढे व्यंजन, म्हणजे हा रफार होणार हे ओळखतं, थला मुख्य अक्षर ठरवतं, वेलांटी उचलून थच्या आधी आणतं आणि रफार थच्या नंतर नेऊन ठेवतं. मग फॉन्टमधल्या तक्त्याला विचारतं की या जोडीसाठी तुझ्याकडे कुठलं चित्र आहे, आणि ते नेमकं कुठे टेकवायचं. 'विद्यार्थी'त तोच रफार थ सोडून दीर्घ वेलांटीच्या काठीवर जातो, तेही इथेच ठरतं. नियमांचा क्रमसुद्धा पक्का आहे, क्ष आणि ज्ञ आधी जुळवायचे, अर्धी अक्षरं नंतर, कारण क आधीच अर्धा करून टाकला तर क्ष कधी तयारच होणार नाही. आणि आपल्या मराठीचं खास म्हणजे 'दर्या' आणि 'दऱ्या'. दुसऱ्यात रफार करून चालत नाही, म्हणून तिथल्या ऱला वेगळा कोड आहे.

म्हणजे क्रम बदलतं इंजिन आणि आकार देतो फॉन्ट, त्यामुळे इंजिन बंद असेल तर दहा फॉन्ट बदलून काही होणार नाही. ते चालू करायला इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधे पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा, आणि पॅराग्राफ स्टाइलमधेच घालून ठेवा म्हणजे दरवेळी शोधायला नको. इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधे प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात आधी 'शो इंडिक ऑप्शन्स'वर टिक करावी लागते.

यावर काही जण जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टकडे परत जातात. कृपया जाऊ नका. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, दिसायला छान, पण तोच मजकूर कॉपी करून बाहेर पेस्ट केला की इंग्रजी कचरा येतो आणि पीडीएफमधे मराठी शब्द शोधताही येत नाही.

आणि ते 'नासाने संस्कृतला कम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा ठरवलं' वालं फॉरवर्ड पुढे पाठवणंही थांबवा. नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी १९८५ मधे एका मासिकात लेख लिहिला होता, तो संस्कृत व्याकरणातून ज्ञान कसं मांडता येईल याबद्दल होता, नासाचा निर्णय वगैरे नव्हता. संस्कृत श्लोक टाइप केला तरी जोडाक्षरं जुळवायला हेच इंजिन लागतं.

इंजिन चालू झालं की बाकीचं सोपं. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. इनडिझाइनचं ऑटो लीडिंग, म्हणजे ओळींमधलं आपोआप ठरणारं अंतर, मुळात १२० टक्के असतं, म्हणजे १० पॉइंटच्या अक्षराला १२, ते आपल्याला कमीच पडतं कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडतात, मी १४-१५ ठेवतो. आणि कॅरेक्टर पॅनलमधे भाषा मराठी करा. ज्या फॉन्टमधे सोय आहे तिथे ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात.