जोडी जुळलेली, तरी रक्तात विळा

नागपुरात, किंबहुना अख्ख्या विदर्भात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार म्हणजे काय, हे फारसं कुणाला सांगावं लागत नाही. सांगायला हवं ते वेगळंच: या आजाराचं मूळ डीएनएतल्या एका जोडीत आहे, आणि ती जोडी रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी ठणठणीत असते.

डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरच्या बाजूला शर्करा आणि फॉस्फेट, आत समोरासमोर जोडीने बसलेले चार प्रकारचे रेणू, म्हणजे बेस. ॲडेनिन आणि ग्वानिन दोन कड्यांचे, म्हणून रुंद. थायमिन आणि सायटोसिन एकाच कड्याचे. प्रत्येक जोडीत एक रुंद, एक अरुंद, म्हणून पिळाची जाडी सगळीकडे सुमारे २ नॅनोमीटरच राहते. मग ॲडेनिन सायटोसिनशी का जुळत नाही? कारण हायड्रोजन देणाऱ्या जागेसमोर तो घेणारी जागा यावी लागते. ॲडेनिन-थायमिनमध्ये असे २ बंध जुळतात, ग्वानिन-सायटोसिनमध्ये ३. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये ही रचना मांडली. तिला आधार होता बेसांचं प्रमाण मोजणाऱ्या एर्विन शारगाफ यांच्या मोजमापांचा आणि रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांचा. फ्रँकलिन यांचं नाव आपण फार उशिरा घेतो, याची मला खंत वाटते.

आता हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक बघा. त्यात एका ठिकाणी 'जीएजी' (ग्वानिन-ॲडेनिन-ग्वानिन) असायला हवं, तिथे 'जीटीजी' येतं. ॲडेनिनच्या जागी थायमिन, आणि समोर थायमिनच्या जागी ॲडेनिन. बंध दोनच, जाडी तीच. त्यामुळे पेशीची दुरुस्ती यंत्रणा त्याला हात लावत नाही, आणि जोडीचा नियम तो बदल पिढ्यानपिढ्या इमानेइतबारे उतरवत राहतो.

परिणाम मात्र भयंकर. बीटा साखळी अमिनो आम्लांची बनते; तिच्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. त्याला पाणी नकोसं, म्हणून ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सोल्युबिलिटी चाचणीत हेच डोळ्यांनी दिसतं: बोटातला रक्ताचा थेंब द्रावणात टाकला की नळी गढूळ होते, मागच्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा होतात.

वाहक (ज्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच हा बदल आहे) कोण आणि रुग्ण कोण, हे या चाचणीत कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या प्रवाहात रेणू वेगवेगळे करणारी चाचणी. ग्लुटामिक आम्लाचा ऋण भार गेल्यामुळे सिकल हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकतं. वाहकाच्या नमुन्यात दोन पट्टे उमटतात. नवरा-बायको दोघांच्याही अहवालात असे दोन पट्टे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.